पातळी कुंपणात आहे

दुधावरचं झाकण थडथडायला लागलं.

दुपारचं घर गप्प होतं. आत्या माजघरात आडव्या झाल्या होत्या, माझी लेक मिहू शाळेत होती, अंगणापलीकडच्या आमच्या दूध डेअरीचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. त्या शांततेत झाकण आधी हळू, मग घाईघाईनं वाजू लागलं. मी ओट्याजवळच बसून मटार सोलत होते. साय फुगली, झाकण तिरकं झालं, फेस पातेल्याच्या कडेवरून गॅसवर उतरला. सगळं दिसत होतं. उठायला हवं, हे कळतही होतं. नुसतं कळत होतं.

"आगं केतकी, दूध गेलं की!" आत्या धावत आल्या आणि पदरानंच पातेलं उतरवलं. सासूला आत्या म्हणायची आमच्या भागात रीत आहे. "हितंच बसलीयस आणि दूध उतू घालवतीस? तुझी ती गोटी झोपली का काय?"

गोटी झोपली नव्हती. झाकण वाजलं तेव्हा माझ्या छातीत बारीकसा धक्का बसला होता, कुणालाही बसतो तेवढाच. लगेच डाव्या दंडात ऊब पसरली आणि धक्का विरघळून गेला. ओट्यावर माझा फोन उजळला. 'पातळी कुंपणात आहे. उत्तम.'

पाठोपाठ नवऱ्याचा फोन. "काय झालं? माझ्याकडं टुणुक वाजलं."

"दूध उतू गेलं."

"एवढंच ना? हुश्श." रणधीरचा श्वास मला ऐकू आला. "घाबरलो ना मी."

मला त्याचा हेवा वाटला.

गोटी म्हणजे काय ते सांगायचं तर आधी माझ्या मानेबद्दल सांगायला हवं. नऊ वर्षांची असताना मानेत गाठ आली. गालगुंड समजून घरच्यांनी शेक दिला, लेप लावला. मिरजेला तपासलं तेव्हा लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. औषधांनी तो गेला, दीड-दोन वर्षांनी उलटला, मग मानेला आणि डोक्याला किरण दिले. मी वाचले. वाचलेल्या मुलीची गोष्ट लोक इथंच संपवतात आणि पेढे वाटतात. आमच्याकडेही वाटले.

पण गाठ कुठली आणि चांगली ग्रंथी कुठली, हे किरणांना कुठं कळतं? मानेत थायरॉईड भाजली. डोक्यात, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. बाकीच्या ग्रंथींना हुकूम सोडणारी. ती लगेच बंद पडली नाही. दमत दमत, मी कॉलेजात जाईपर्यंत, गप्प होत गेली. तिचा हुकूम येईना तशा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींनीही कॉर्टिसॉल बनवायचं सोडून दिलं. ताप, उलट्या, अपघात, कसलाही ताण झेलायचा तर शरीरातलं कॉर्टिसॉल झपकन वाढावं लागतं. माझं वाढत नाही. औषधांनी माझ्या अंडाशयांना तर माझ्याआधीच म्हातारं केलं होतं. मिहू झाली ती उपचार सुरू व्हायच्या आधी काढून गोठवून ठेवलेल्या त्यांच्याच एका तुकड्याच्या कृपेनं.

पूर्वी हे सगळं गोळ्यांवर चालायचं. मग गोटी आली. खरं नाव मोठं आहे, पण ती दंडाच्या कातडीखाली चिंचोक्यासारखी हाताला लागते, म्हणून गोटी. ती कातडीखालच्या पाण्यातून संप्रेरकं मोजते, नाडी आणि घाम बघते आणि आपल्या कप्प्यांतून लागेल ते, लागेल तेवढं सोडते. महिन्याला मिरजेत जाऊन सुईनं कप्पे भरून आणायचे. माझ्यासारख्या कितीतरी मुलांना तिनं पुन्हा मैदानावर धावायला पाठवलं. मुलांना, हे महत्त्वाचं. ती लहान मुलांसाठी बनवली होती, म्हणून तिला एक पालक लागतो. काहीही बदलायचं तर पालकाच्या फोनवरून संमती. माझे पालक बाबा होते.

मी अठरा वर्षांची झाले तेव्हा बाबांच्या फोनवर प्रश्न आला होता, गोटीची किल्ली आता मुलीकडे सोपवायची का? त्या दिवशी माझा पेपर होता. बाबांनी 'नंतर' दाबलं. यंत्रानं पुन्हा विचारलं नाही आणि बाबांना थेट माझ्या लग्नात आठवलं. कन्यादान झालं, हातावरचं पाणी निथळायच्या आत त्यांनी खिशातून फोन काढून रणधीरच्या फोनला टेकवला. "जावईबापू, एवढं राहिलं होतं."

गुरुजी म्हणाले, "कन्यादान झालं, आता पासवर्डदान!"

सगळा मांडव हसला. मीही हसले, मुंडावळ्या हलेपर्यंत.

रणधीर वाईट माणूस नाही, हे लिहायलाच हवं. पहिली काही वर्षं ती किल्ली त्याच्या फोनात नुसती पडून होती. गंमत व्हायची ती आत्यांची. डॉक्टरीणबाई एकदा फोनवर म्हणाल्या, "सूनबाईंची पातळी खाली जातेय, लक्ष ठेवा." आत्या फणकारल्या, "आमच्या घरात आजपातूर कुणाची पातळी खाली गेलेली न्हाई!" समजावून सांगितल्यावर त्यांना तो शब्दच आवडला. सकाळी डेअरीत दुधाची फॅट मशीनवर दिसायची तेव्हा त्या गवळ्यांना ऐकवायच्या, "आमच्यात दोन गोष्टी सकाळीच कळत्यात. दुधाची फॅट आणि सुनंची पातळी."

मग मी बाथरूममध्ये पडले. पोट बिघडलं होतं, उलट्या होत होत्या. शरीराला एकदम पुष्कळ कॉर्टिसॉल हवं होतं आणि गोटीचे कप्पे भरून आणलेले नव्हते. ऊसतोडीच्या घाईत आमचा महिना लांबला होता. दार आतून बंद. बाहेर चार वर्षांची मिहू दारावर चापट्या मारत होती. रणधीरनं दार तोडलं. माझे ओठ निळे होते म्हणे. मला काही आठवत नाही. त्याला सगळं आठवतं.

त्यानंतर त्यानं कुंपण घातलं. गोटीत ती सोय आहे, शांतपणे विचार केला तर हुशारीची. ताण आला की शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागतं आणि कप्प्यात ते मोजकंच असतं. मग ताणच वाढू द्यायचा नाही. प्रोजेस्टेरॉनपासून आपलं शरीर एक शांतवणारं रसायन करत असतं, बाळंतिणीच्या उदासीवर तेच देतात. गोटीत त्याचाही कप्पा आहे. नाडी उसळली, घाम सुटला, की गोटी ते थेंबभर सोडते. दंडात ऊब, आणि संपलं. मी त्यानंतर एकदाही पडले नाही. घरात भांडणं नाहीत. रणधीर माझ्याशी मांजरीच्या पिल्लाशी बोलावं तसं बोलतो. आत्यासुद्धा म्हणाल्या, "केतकी आता लई गुणाची झालीय."

राग परिच्छेदभरसुद्धा टिकत नाही माझा. म्हणून हेही असंच, मिहू शाळेत आणि आत्या आडव्या झाल्या की, तुकड्यातुकड्यानं लिहिलंय. वरचे दोन परिच्छेद लिहिताना दंड गरम झाला आणि मी उठून मटार निवडायला घेतले.

आता टँकरचं.

सकाळची गर्दी ओसरली होती. संघाचा टँकर दूध भरून घ्यायला आमच्या अंगणात उलटा येत होता, पीप-पीप करत. मी काउंटरवर नमुन्याची बाटली हातात धरून उभी होते. मिहू मांजराच्या मागं धावत टँकरच्या पाठीमागं गेली आणि खाली वाकली. मांजर चाकाजवळ गेलं होतं. ड्रायव्हरला ती दिसणं शक्य नव्हतं.

मला दिसत होती. तिच्या गुलाबी फ्रॉकचा सुटलेला बंद दिसत होता. माझ्या पोटातून काहीतरी वर उसळलं, गळ्यापर्यंत आलं, तोंड उघडलं. आणि दंडात ऊब पसरली. गॅसची चकती फिरवून आच बारीक करावी तशी ती उसळी खाली गेली. हाक मारायला हवी, हे मला सुचलं होतं. पण हाकेला घाई उरली नव्हती. उद्याच्या इडलीचे तांदूळ भिजवायचेत, हे सुचावं तसं ते सुचलं होतं. चाक फिरत होतं. मी बघत होते.

किंचाळल्या त्या आत्या. घरातून, खिडकीतून, गळा फाटेल अशा. टँकर थांबला. मिहू मांजराला पोटाशी धरून उभी राहिली, तिच्या आणि चाकाच्या मध्ये एक माणूस मावला नसता.

मग सगळे बोलायला लागले. ड्रायव्हर रडत होता. आत्या पायरीवर बसल्या होत्या, त्यांना पाणी द्यावं लागलं. रणधीर धावत आला, मिहूला उचललं, माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर कौतुक आलं. "बघा, केतकी कशी शांत राहिली. नाहीतर हीसुद्धा पडली असती आत्ता." गवळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा म्हणाला, "वैनींचं काळीज लई खंबीर."

नमुन्याच्या बाटलीतलं दूध हललंही नव्हतं. फोन उजळला. 'पातळी कुंपणात आहे. उत्तम.'

मिहू बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

त्याच आठवड्यात शाळेतून सहलीचा निरोप आला. रणधीरनं फोनवर संमती दिली. मिहूनं विचारलं, "पालक म्हणजे भाजी ना?"

"पालक म्हणजे सांभाळणारा," रणधीर म्हणाला. "मी तुझा पालक."

"आईचा पण तूच आहेस. गोटीच्या फोनमध्ये लिहिलंय." तिनं जरा विचार केला. "मग आई माझी ताई लागते का?"

आत्या हसता हसता ठसकल्या. रणधीर हसला. मीही हसले आणि हसता हसता ठरवलं.

आत्यांच्या समोर मी रणधीरला अहो म्हणते, खोलीत तू. त्याला खोलीत बोलावलं.

"कुंपण काढ," मी म्हटलं.

"का? त्रास होतोय?"

"होत नाहीये. तोच त्रास आहे. मिहू चाकाखाली जात होती आणि मी तांदूळ भिजवायचा विचार करत होते, रणधीर."

"अगं, पण झालं नाही ना काही."

"आत्यांमुळं. मी एकटी असते तर?"

तो पलंगावर बसला. फोन हातात फिरवला. "तू दारापलीकडं होतीस," तो म्हणाला. "मिहू चापट्या मारत होती, आई दार उघड, आई दार उघड. मी दार तोडलं तेव्हा मला वाटलं तू गेलीस. अजून फोन वाजला की मला ते दार दिसतं. कुंपण काढलं आणि तू पडलीस तर पोरीला काय सांगू? मीच बटण दाबलं म्हणून? मला भीती वाटते गं."

"तीच," मी म्हटलं. "तुला वाटते ना, तीच मला हवीय. माझी आहे ती. तुझ्या फोनात कशाला... तू कोण..." माझा आवाज चढला. त्याचा फोन वाजला, टुणुक. दंडात ऊब. पुढचं वाक्य माझ्याकडे होतं, चांगलं धारदार होतं, आणि ते हातातून साबणाची वडी सुटावी तसं सुटलं.

"बरं," मी म्हटलं. "चहा टाकू का?"

त्यालाही ते बघवलं नाही. मान वळवून बसला. मग म्हणाला, "आपण मिरजेला जाऊ. डॉक्टर काय म्हणतात बघू."

डॉ. हेरवाडकर मला माझ्या गाठीपासून ओळखतात. आता त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांनी ऐकून घेतलं, पडद्यावर माझ्या ताणाची रेघ बघितली. सपाट होती, शेताच्या बांधासारखी.

"पालकांनी संमती दिली तर आत्ता काढते," त्या म्हणाल्या.

रणधीरनं माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. "मॅडम, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या बोटानं नको. दुसरा काही मार्ग?"

"आहे. रुग्ण स्वतः अर्ज करू शकतो, मग किल्लीही त्यालाच मिळते. पण मग कुंपण सलग आठवडाभर वापरात यायला नको. म्हणजे गोटीला एकदाही शांतवावं लागलं नाही पाहिजे. रुग्ण स्थिर आहे याचा तो पुरावा."

"म्हणजे मला भीती हवीय, तर आधी आठवडाभर घाबरायचं नाही," मी म्हटलं. "आणि या नियमाचा रागही यायला नको."

"हो. तसंच होतं ते." त्यांनी चष्मा काढला. "केतकी, हे नियम लहान मुलांसाठी लिहिलेत. रडारड केली म्हणून सेटिंग बदलून मिळू नये, एवढाच हेतू. तुम्ही मोठ्या व्हाल, संसार कराल, तुम्हाला मुलं होतील, हे कुणी धरलंच नव्हतं. तुम्ही जगावं एवढंच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं."

परतताना रणधीर म्हणाला, "यंत्रानंच हो म्हटलं तर मी कोण अडवणारा? तू आठवडा काढ. मी मध्ये येत नाही."

मी आठवडा काढायला घेतला. टँकर यायच्या वेळी मी न्हाणीघरात नळ सोडून बसायचे. बातम्या बंद. मिहूला शाळेत सोडायला आत्या. ती पेरूच्या झाडावर चढली की मी पाठ फिरवायचे. नाडी जोरात चालायला लागली की एकोणतीसचा पाढा म्हणायचे. तो कधीच नीट येत नसल्यानं त्यात जीव गुंततो.

मिहू शाळेतून आली की चिकटायची. "आई, एक विचारू?"

"आत्ता नको, राणी. हा आठवडा संपू दे."

"का?"

"आईची परीक्षा आहे."

परीक्षा तिला कळते. तोंडावर बोट ठेवून निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "संपली का परीक्षा?" मी मान हलवायचे. ती आत्यांजवळ जाऊन बसायची. आत्यांनी मला विचारलं, "पोरीला असं लांब का सारतीस?" मी म्हटलं, तिच्यासाठीच. आत्यांनी मिहूला जवळ ओढलं.

आठवड्याची शेवटची संध्याकाळ होती. धार काढायची वेळ, रणधीर गोठ्यात. फोनवर त्या आठवड्याची हिरवी रेघ जवळजवळ टोकाला पोचली होती. मी उंबऱ्यात बसून तिच्याकडे बघत होते, बारशाला पाळण्यात बघावं तशी.

"आई."

मिहू समोर उभी होती. डेअरीच्या पायरीवरून दुधाच्या कॅनवर पडली होती. हनुवटी फुटली होती, रक्त गळ्यावरून फ्रॉकवर उतरत होतं. ती रडत नव्हती. माझी परीक्षा होती ना.

"आई, रक्त येतंय."

मी फोनकडे बघितलं. रेघ चढून पिवळी झाली होती. "थांब हं," मी म्हटलं. "एक मिनिट थांब." एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. रेघ खाली आली. पुन्हा हिरवी. दंड गार होता. गोटीनं काही केलं नव्हतं. एकोणतीस त्रिक...

गोटीनं काही केलं नव्हतं. हे मी करत होते.

फोन उंबऱ्यावरून खाली पडला की मी टाकला, आठवत नाही. मी मिहूला कवटाळलं. तिची हनुवटी वर करून जखमेत बघितलं, आतलं पांढरं दिसेपर्यंत बघितलं. आणि भीती आली. पोटातून, गळ्यात, कानांत. माझी, पूर्ण, तीन श्वास टिकेल एवढी. मी आत्यांसारखी किंचाळले. रणधीरच्या हातातली चरवी गोठ्यात खणकन पडलेली मला ऐकू आली.

मग ऊब. पायरीखाली पडलेला फोन उजळला. कुंपण वापरलं गेलं, आठवडा पुन्हा पहिल्यापासून.

हातांची थरथर थांबली. खरं सांगायचं तर ते बरंच झालं, थरथरत्या हातांनी जखम धुता आली नसती. रणधीर गाडी काढायला धावला. आत्यांनी हळद आणि स्वच्छ फडकं आणून दिलं. मी मिहूला ओट्यावर बसवलं, कोमट पाण्यानं धुतलं, हळद दाबली, फडकं धरून उभी राहिले. ती माझ्याकडे बारकाईनं बघत होती, नापास झालेल्याकडे बघावं तशी.

"परीक्षा संपली?"

"संपली."

"मग आता विचारू?"

"विचार."

तिनं माझ्या दंडावर, गोटीवर, बोट ठेवलं. अजून गरम होती ती.

"त्या दिवशी टँकर मागं येत होता ना, तेव्हा तू माझ्याकडंच बघत होतीस. मी पाहिलं तुला. मग मला हाक का नाही मारलीस?"